सोबतीला

पहाटे ५.४५

उशीखालचा फोन थरथरतो आणि मी उठते. न्यू जर्सीत या वेळी संध्याकाळचे सव्वासात झालेले असतात. तिथली ताई आपला पहारा संपवून गट माझ्या हाती देते. आम्ही चौघं मिळून हा गट सांभाळतो. सांगलीत मी, नागपुरात एक मैत्रीण, रत्नागिरीत एक वकील मित्र आणि ही ताई, मूळची साताऱ्याची. इथे मध्यरात्र होते तेव्हा तिच्याकडे दुपार असते, म्हणून रात्र तिची.

समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा मराठी बोलणाऱ्या माणसांनी एकमेकांना धरून राहावं, एवढ्यासाठी हा फोनवरचा गट आहे. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पुण्या-मुंबईची वसतिगृहं रिकामी झाली. शहरात नुकती कुठे मोकळी व्हायला लागलेली मुलंमुली गावाकडच्या दोन खोल्यांत, घरच्यांच्या डोळ्यांसमोर येऊन पडली. तेव्हा अकरा जणांनी हा गट सुरू केला. आज साडेतीनशेच्या आसपास आहोत. परभणी, चंद्रपूर, कणकवली, म्हापसा, बेळगाव, थोडे दुबईत आणि इतर आखाती देशांत.

ताईची नोंद ठरलेल्या चार ओळींची असते. कोण, काय झालं, काय बोललो, काय राहिलं. आजची अशी आहे:

‘बहावा. आज अकराला मुलगी बघायला नेणार आहेत. रात्रभर झोप नाही. साडेतीनपर्यंत बोललो, सल्ला दिलेला नाही. सकाळी त्याला चहा झाला का ते विचारा.’

बहावा हे त्याचं गटातलं नाव. इथे येताना प्रत्येकानं एका झाडाचं नाव घ्यायचं, असा रिवाज पडला आहे. कुणी उंबर, कुणी पळस, कुणी बकुळ. इथे लिहिताना ती झाडंही मी बदलली आहेत.

मी लिहिते, ‘बहावा, चहा झाला का?’

दोन मिनिटांत उत्तर येतं. ‘झाला. आईनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.’

सकाळी ७.००

आमच्या स्वयंपाकघरात दुसरा कप माझ्या जोडीदाराचा असतो. आम्ही दोघी अकरा वर्षं एकत्र राहतो. घरमालकांच्या लेखी आम्ही मावसबहिणी आहोत. गटातल्या कुणाला ‘घरी सांगून टाक’ असं मी कधीच म्हणत नाही, त्यामागे हेही कारण आहे.

आमच्या गटाची भरती-ओहोटी पंचांगावर चालते. पितृपंधरवड्यात कुणी लग्नाचा विषय काढत नाही, तेव्हा गट निवांत असतो. गणपतीत सगळे घरी जमतात आणि आत्या-मावश्यांचे प्रश्न सुरू होतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त उघडतात, स्थळं यायला लागतात आणि आमच्याकडचे निरोप एकदम वाढतात. त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली. या दिवसांत पहाऱ्यावर आम्ही एकाऐवजी दोघं असतो.

सकाळी ८.००

हा तास दाराचा. नवीन येणाऱ्यांसाठी आमचं एक वेगळं सिमकार्ड आहे. त्याला आम्ही दाराचा नंबर म्हणतो. गट टेलिग्रामवर ठेवला, कारण तिथे आपला नंबर इतरांपासून लपवता येतो. आम्ही सुरुवात केली तेव्हा व्हॉट्सॲपच्या गटात तो सगळ्यांना दिसायचा आणि तालुक्याच्या गावात एका नंबरावरून घर शोधायला अर्धा तास पुरतो. स्क्रीनशॉट कुणी काढणार नाही याची हमी मात्र कुठलंच ॲप देत नाही. ती हमी माणसांनाच एकमेकांना द्यावी लागते, म्हणून आत घेण्याआधी आम्ही बोलतो.

पंधरा मिनिटांचं बोलणं असतं. फोटो मागत नाही, ओळखपत्र मागत नाही. वय अठरा पूर्ण आहे का, गटाबद्दल कुणी सांगितलं, इथे काय मिळेल असं वाटतं, एवढं विचारतो. अठराच्या आतल्यांना आत घेत नाही. मोठ्यांच्या गप्पांत त्यांना आणणं धोक्याचं आहे. त्यांच्याशी नीट बोलून १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक देतो आणि शाळेतली किंवा घरातली विश्वासाची एखादी व्यक्ती शोधायला मदत करतो.

मग नियम सांगतो. पहिलाच नियम अनेकांना चकित करतो: आडनाव आणि गाव विचारायचं नाही. आपल्याकडे ओळखीची सुरुवातच ‘आडनाव काय, कुठले तुम्ही’ अशी होते. त्या दोन उत्तरांत जात कळते, भाऊबंद कळतात आणि घरापर्यंतची वाटही कळते. आमच्यातही जात आहेच. जोडीदार शोधताना ‘आपल्यातलाच हवा’ म्हणणारे इथेही भेटतात. निदान दारात तरी तो प्रश्न थांबावा म्हणून हा नियम.

आजचा दुसरा फोन उचलला तर पलीकडे शांतता. मग एका पुरुषाचा आवाज. त्यानं एक नाव घेतलं आणि म्हणाला, “मी हिचा भाऊ. हिच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर सापडलाय. तुम्ही कोण?”

ते नाव मला ठाऊक होतं. गटात ती बकुळ आहे, वय चोवीस.

मी म्हटलं, “दादा, आम्ही कुणाचंच नाव कुणाला सांगत नाही. उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी सांगणार नाही. तुम्हाला काही बोलायचं असेल तर मी ऐकतेय.”

तो बराच वेळ तावातावानं बोलला. मी मधे पडले नाही. मग आवाज खाली आला. “तीन दिवस जेवली नाही ओ ती.”

“मग आज तिच्याजवळ ताट घेऊन बसा,” मी म्हटलं. “काही विचारू नका. नुसते बसा.”

फोन बंद झाला. त्या क्षणी हात आखडून ठेवावा लागतो, कारण बकुळला निरोप पाठवला तर तो तिच्या भावाच्याच हाती पडणार. अशा वेळेसाठी प्रत्येकाशी आमचं एक साधं वाक्य ठरलेलं असतं. बकुळचं वाक्य ‘धुण्याची पावडर आणली’ असं आहे. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून हे वाक्य आलं की ती ठीक आहे असं समजायचं. मी वकील मित्राला कळवलं. सज्ञान मुलीला घरात कोंडून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. अशा प्रकरणांत त्या व्यक्तीशी एकांतात बोलून तिची इच्छा जाणून घ्यावी, तिच्या लैंगिकतेबद्दल ‘समुपदेशन’ करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०२४ रोजी सगळ्या न्यायालयांना बजावलं आहे. पण अर्ज करायचा तर तिला हवा असला पाहिजे. तोवर वाट बघायची.

सकाळी १०.००

मी एका कर सल्लागाराच्या कचेरीत काम करते. उद्या अकरा तारीख, जीएसटीआर-वन भरण्याचा शेवटचा दिवस. टेबलावर बिलांचे गठ्ठे आहेत. दहा ते दोन नागपूरची मैत्रीण बघते. फोन पालथा घालून ठेवण्याचं वळण मी स्वतःला मुद्दाम लावलं आहे. पहिल्या वर्षी मी चोवीस तास जागी राहिले होते आणि शेवटी मलाच डॉक्टरकडे जावं लागलं. सांभाळणाऱ्यानं झोपायचं, जेवायचं आणि आठवड्यात एक दिवस गट उघडायचाही नाही, हा आमचा आमच्यासाठीचा नियम आहे.

सकाळी ११.३५

तरीही मैत्रिणीनं मला हाक मारली. बहावानं मुलीच्या घरच्या मोरीतून लिहिलं होतं, ‘पोहे झाले. आम्हाला दोघांना गच्चीवर बोलायला पाठवतायत. काय बोलू?’

इथे दोन माणसं असतात हे मी कधी विसरत नाही. एक आमचा मुलगा आणि दुसरी ती मुलगी. सकाळपासून साडी नेसून बसलेली, जिला यातलं काही ठाऊक नाही. फसवून लावलेल्या लग्नात आयुष्य घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नवऱ्याला आपण आवडत नाही म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, असं समजून त्या वीस-वीस वर्षं झुरतात. म्हणून गटात एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगतो: घरच्यांच्या धाकानं होकार देऊन तिसऱ्याचा जीव अडकवायचा नाही. यापुढचं मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, हे आम्ही सांगत नाही. घरातून बाहेर काढलं तर रात्री झोपायला त्याला आमच्याकडे अंथरूण नाही, हे आम्हाला माहीत आहे.

मैत्रिणीनं त्याला लिहिलं, ‘तिला कामाबद्दल विचार, शिक्षणाबद्दल विचार. आदरानं बोल. आज हो-नाही काही सांगावं लागत नाही. आपल्याकडे त्यासाठी शब्द आहे, कळवतो.’

बघण्याच्या कार्यक्रमात ‘कळवतो’ म्हणण्याला कुणी हरकत घेत नाही. त्या एका शब्दानं आमच्या किती जणांना चार दिवस मिळवून दिले आहेत! चार दिवसांत माणूस झोपतो, जेवतो, मग त्याला आपल्या मनातलं थोडं दिसायला लागतं.

दुपारी १.३०

डबा उघडते आणि दोनच्या आधीच माझा पहारा सुरू होतो, कारण दाराच्या नंबरावर एक दुकानदार रडतो आहे. वय पंचेचाळीसच्या पुढे. भेटीगाठीच्या ॲपवर ओळख झाली, हमरस्त्यापलीकडच्या खोलीवर बोलावलं, आत तिघं जण बसलेले. मारहाण केली, व्हिडिओ काढला, वीस हजार तिथेच फोनवरून घेतले. आता पन्नास मागतायत. संध्याकाळपर्यंत दिले नाहीत तर व्हिडिओ बायकोला आणि बाजारपेठेच्या ग्रुपवर.

या प्रकाराची कार्यपद्धती सगळीकडे सारखीच आहे, म्हणून आमची उत्तरंही तयार असतात. मी हळू, एकेक सांगते. पुढचा पैसा द्यायचा नाही, दिला की मागणी वाढते. काहीही पुसायचं नाही. धमक्यांचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसकट काढायचे, पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक उतरवायचा. १९३० वर लगेच फोन करायचा. पैसे पुढे काढले जाण्याआधी कळवलं तर ते वाटेत गोठवता येतात. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकायची. घटना कुठल्या हद्दीत घडली म्हणून पोलीस ठाण्याला परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नोंदवावा लागतो. याला कायद्यात खंडणी म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८.

त्यांचा प्रश्न तोच, जो प्रत्येकाचा असतो. “पण ताई, माझ्यावरच गुन्हा लागला तर?”

सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर ते कलमच नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. माणूस तारुण्यापासून एका कलमाच्या धाकात जगला असेल, तर ते गेल्याचं कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं. वर्तमानपत्रात छापून आलेलं त्याच्या छातीपर्यंत पोचलेलं नसतं.

व्हिडिओसाठी स्टॉप-एनसीआयआय नावाची सोय आहे. ती आपल्याच फोनवर त्या चित्रफितीचा एक सांकेतिक ठसा तयार करते. फक्त ठसा पुढे जातो, व्हिडिओ आपल्याकडेच राहतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारी चित्रफीत आपल्याकडे चढू देत नाहीत. सगळीकडे थांबेल असं नाही, पण बरंच थांबतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “ठाण्यात एकट्याला जायचं का?”

नाही. रत्नागिरीचा मित्र फोनवर राहील आणि त्यांच्या जिल्ह्यातला आमचा एक जण ठाण्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटेल. तो आत येईल, बाजूच्या बाकावर बसेल. माहिती मिळाली तरी पाय उचलत नाही, शेजारी कुणी चालायला लागलं की उचलतो.

दुपारी ४.३०

रिटर्नचे आकडे जुळवत असताना गट पेटला. दहा मिनिटांत साठ निरोप.

उंबर म्हणजे आमच्यातले थोरले, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांनी लिहिलं, ‘आम्ही बायले. आमचं आयुष्य असंच जायचं.’ त्यावर पुण्यात शिकणाऱ्या पळसनं लिहिलं, की हा शब्द शिवी आहे, इथे चालणार नाही, काढून टाका. मग बाजू पडल्या. कुणी ‘शहरातले शहाणे’ म्हटलं, कुणी ‘तुमच्यासारख्यांमुळेच आपण मागे’ म्हटलं.

मी गट तासाभरासाठी बंद केला. वाचता येतं, लिहिता येत नाही. लिहिलं, ‘चहा प्या. साडेपाचला उघडते. कुणी गट सोडू नका.’ कुणाचाही निरोप पुसला नाही. मग जिन्यात जाऊन दोन फोन केले.

आधी उंबरकाकांना. ते म्हणाले, “अगं, मला आठव्या वर्षापासून या शब्दानं हाक मारलीय लोकांनी. मला दुसरा शब्द होता कुठे?” विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आलं, मुंबईत अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी माणसांचं नियतकालिक १९९० साली काढलं, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट उभा केला. काकांच्या डेपोपर्यंत यातलं काही आलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचला तो एकच शब्द, आणि चाळीस वर्षं त्यांनी तो एकट्यानं अंगावर वागवला.

मग पळसला. तो आधी वाद घालायला लागला आणि मधेच थांबला. “ताई, दहावीत माझ्या बाकावर हा शब्द कर्कटकानं कोरलेला होता.”

भांडण मिटवताना आधी दोघांना वेगवेगळं ऐकायचं, हे मी इथेच शिकले. सगळ्यांसमोर कुणी माघार घेत नाही, आणि दोघंही एकाच जखमेवरून बोलत होते हे गर्दीत कुणाला दिसलं नसतं. साडेपाचला गट उघडला तेव्हा आमच्या नियमांत एक ओळ वाढली होती: दुसऱ्याला शब्द फेकून मारायचा नाही आणि कुणी स्वतःसाठी वापरलेला शब्द त्याच्या हातून हिसकावायचा नाही. खाली पळसनं उंबरकाकांना विचारलं होतं, ‘काका, तुमची ड्युटी कुठल्या मार्गावर होती?’ काकांचं उत्तर लांबलचक होतं. घाटातल्या मुक्कामाच्या गाड्या, पहाटेचं थंडगार तिकीट मशीन, पन्नास माणसांच्या बसमध्ये एकटं उभं राहणं.

संध्याकाळी ७.००

सोमवारी सातचा फोन सोलापूरकडच्या काकूंचा. पालकांशी आम्ही वेगळं बोलतो, त्यांना मुलांच्या गटात आणत नाही. काकूंच्या मोठ्या मुलाच्या पाठचं लेकरू तेवीस वर्षांचं. जन्माच्या दाखल्यावर मुलगा, पण ती मुलगी आहे.

पहिल्या फोनला त्यांनी विचारलं होतं, “माझं काय चुकलं?” आणि पाठोपाठ, “कुठल्या डॉक्टरकडे नेऊ?” घरचे तेव्हा देवऋष्याकडेही जाऊन आले होते. मी सांगितलं, की जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी काढली आणि आपलं लिंग वेगळं जाणवणं हा मनोविकार नाही, हेही तिनं पुढच्या यादीत मान्य केलं. मद्रास उच्च न्यायालयानं ७ जून २०२१ रोजी ‘बदलून टाकण्याच्या’ उपचारांना मनाई केली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं, आयोगाचं नावसुद्धा. पुढच्या वेळी जाऊबाईंनी डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा त्यांनी वही काढून दाखवली.

मराठीत एक अडचण आहे. आपलं क्रियापदच लिंग सांगून जातं. आला की आली, गेला की गेली, जवळजवळ प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं, पळवाट सहज सापडत नाही. काकूंनी ती शोधली. दोन वर्षं त्या ‘लेकरू’ म्हणत राहिल्या. “माझं लेकरू जेवलं.” “लेकरू पुण्याला गेलं.” तो नाही, ती नाही, ते. आईला सवड हवी होती आणि भाषेनं ती दिली. मी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या लेकीलाही मी सांगितलं होतं, की आई तुझ्या दिशेनं चालतेय, तिचा वेग तिचा आहे.

आज काकू भाऊबीजेबद्दल बोलत होत्या. “मोठ्यानं स्वतःच पाट मांडला. मी ताट तयार केलं, पण हात थरथरत होते. यांनी चपला घातल्या आणि शेतात निघून गेले, रात्रीपर्यंत आले नाहीत. मोठा म्हणाला, ‘ओवाळतेस ना?’ आणि ती बसली ओवाळायला.”

ती बसली. त्यांच्या लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. मी काही म्हटलं नाही. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि त्या “ठेवते गं” म्हणाल्या.

रात्री ९.००

सोमवारी रात्री आमचा कट्टा भरतो. या तासात रडगाणी नाहीत, फक्त आनंदाच्या गोष्टी. दुःख वाटून घ्यायला सगळे येतात, आनंद सांगायला आमच्या माणसांना अजून जागा सापडत नाही. बढती मिळाली तर कुणामुळे एवढं बळ आलं ते सांगता येत नाही, घर घेतलं तर कुणासोबत ते सांगता येत नाही.

आज दोघी जणींनी पासबुकाचा फोटो टाकला, नावं झाकून. दोघींचं संयुक्त खातं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्या दिवशी या दोघी गटात एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मग ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं खुलासा केला, की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमायला काहीही आडकाठी नाही. त्याची छापील प्रत घेऊनच त्या बँकेत गेल्या. खिडकीतल्या बाईंनी वाचली आणि ‘इथे दोघींच्या सह्या’ म्हणाल्या.

कणकवलीच्या मुलानं ‘साबर बोंडं’ दुसऱ्यांदा पाहिल्याचं लिहिलं. रोहन कानवडे यांचा हा मराठी चित्रपट, २०२५ च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांमधला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार त्याला मिळाला. मुलाला पुरस्काराचं विशेष नव्हतं. त्यानं लिहिलं, ‘पडद्यावर दोन पोरं एकमेकांशी आपल्यासारखं बोलतात. गावातलं. हळू.’

रात्री ११.१०

कट्टा उठला आणि खासगीत बहावाचा निरोप आला. ‘कळवतो म्हणालो. पप्पा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मुलगी चांगली होती. मला आता काहीच नको वाटतंय.’

शेवटच्या वाक्यासाठी मी उठून बसले. लिहिणं थांबवलं आणि फोन लावला. असं कुणी म्हटलं की आम्ही आडून विचारत नाही. “जीव द्यावासा वाटतोय का?” मी विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. असला तर तो आधीच आलेला असतो, विचारल्यावर फक्त बोलता येतो.

तो बराच वेळ गप्प होता. मग “हो” म्हणाला.

उपदेश केला नाही. आईचं काय होईल, असं म्हटलं नाही, ते ओझं त्याच्यावर आधीच होतं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक त्याला लिहून घ्यायला लावला. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्रभर चालू असतो. आताच काही करण्याच्या बेतात असशील तर मी ११२ ला फोन करीन, हेही स्पष्ट सांगितलं. फवारणीचं औषध कुठे आहे ते विचारलं. शेतावरच्या खोलीत होतं, कुलपात, किल्ली वडिलांकडे.

“घराजवळ असं कोण आहे,” मी विचारलं, “ज्याला तू रात्री झोपायला ये म्हणू शकतोस?”

“आहे एक दोस्त. पण त्याला यातलं माहीत नाही.”

“माहीत नको. करमत नाही, झोपायला ये, एवढंच म्हण.”

मी लहान असताना शेजारच्या काकूंचे यजमान फिरतीवर गेले, की आई मला त्यांच्याकडे सोबतीला पाठवायची. मी आठ-नऊ वर्षांची. चोर आला असता तर मी काय करणार होते? माझं काम एवढंच होतं, की त्यांच्या शेजारच्या अंथरुणावर झोपायचं. सकाळी काकू आईला म्हणायच्या, “हिच्यामुळे झोप लागली बघ.” या गटाचं काम कुणी विचारलं की मी हेच सांगते. उत्तरं आमच्याकडे थोडी आहेत. कायद्याचं कलम, मदतीचा नंबर, वकील, डॉक्टर, हे सगळं आम्ही देतो, आणि बिनचूक द्यायची धडपड करतो. पण रात्र जाते ती शेजारी कुणी असल्यानं.

बाराला वीस कमी असताना फोनमधून मोटारसायकलचा आवाज आला, मग कुत्रा भुंकला, मग कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, “काय रे, जेवलास का?” बहावा म्हणाला, “ताई, आला तो. ठेवतो.”

मी तो ‘ठेवतो’ ऐकून घेतला आणि लगेच झोपले नाही. पाणी प्यायले. माझी जोडीदार जागी होती, तिनं कूस वळवून माझा हात धरला.

रात्री १२.३०

न्यू जर्सीत दुपारचे दोन. माझी नोंद:

‘बहावा. काही नको वाटतंय म्हणाला, सरळ विचारलं, हो म्हणाला. १४४१६ दिलाय, औषध कुलपात. दोस्त सोबतीला आलाय, दोघं पडवीत झोपलेत. पहाटे पाचला जागा झाला तर बोल, मी सकाळी चहाचं विचारते.

‘दुकानदार. १९३० वर तक्रार झाली, ठाण्यात एफआयआर झाला. आपला माणूस नऊपर्यंत सोबत होता. घरी पोचल्याचा निरोप आला.

‘उंबर आणि पळस. ठीक.

‘काय राहिलं: बकुळ. भावाचा फोन सकाळी आला होता. धुण्याची पावडर अजून आलेली नाही. दाराचा नंबर आवाज चालू ठेवून उशाशी घेतलाय. काहीही आलं तर मला उठव.’